हिरवा बगळा

लेबलमावशीकडे ग्रामोफोन रेकॉर्डची अकराशे चाळीस लेबलं होती. ग्रामोफोन एकही नव्हता.

"मग ऐकता कशावर?" लोक विचारायचे.

"ऐकायचंय कोणाला?" असं म्हणून ती उजवा कान पुढे करायची. डावा केव्हाच गेला होता. उजवा निम्मा उरला होता. अडतीस वर्षं ती वडिलांच्या छापखान्यात मशीनपाशी उभी राहिली होती. मशीन मिनिटाला वीस-पंचवीसदा मिटायचं आणि उघडायचं. प्रत्येक मिटण्याला एक दणका. छापखाना बंद झाला त्या दिवशी तिला वाटलं, चला, आता जरा शांत वाटेल. ती शांतता मग कायमचीच मुक्कामाला आली.

तिला सूर कळत नव्हता. शाई कळत होती. रेकॉर्डच्या मधोमध चिकटलेल्या गोल कागदाकडे बघून ती सांगायची, हा कागद ओलसर होता, हा छापणारा घाईत होता, याचा शाईचा रूळ झिजला होता. खरं तर लेबल चिकटवलेलं नसतंच. जुन्या रेकॉर्डी लाखेच्या. कारखान्यात लाखेचा गरम गोळा साच्यात ठेवायचे, वर एक लेबल, खाली एक लेबल, आणि दाबायचे. गाणं आणि कागद एकाच दाबाखाली जन्माला यायचे. नवखा संग्राहक हमखास एक घोळ घालतो. लेबल सुटावं म्हणून रेकॉर्ड पाण्यात भिजत घालतो. सुटत काहीच नाही. कागदाचा लगदा होतो आणि त्याचं तोंड बघण्यासारखं होतं.

मावशीची रीत वेगळी होती. ती फुटक्या रेकॉर्डी घ्यायची. फुटक्या रेकॉर्डीला कोणी विचारत नाही. घरी आणून करवतीच्या बारीक पात्यानं मधला भाग गोल कापायचा, कडा घासायची आणि पत्र्याच्या डब्यात चकती उभी ठेवायची. असे एकोणीस डबे होते. डब्यांवर चिठ्ठ्या होत्या: सिंह, मोर, जहाज, घंटा, बगळा.

बगळ्याचा डबा सगळ्यात जपलेला होता. 'बगळा छाप' ही याच गावातली छोटी कंपनी. दहा वर्षं चालली आणि बसली. तिची लेबलं मावशीच्या वडिलांनी छापली होती. तपकिरी-लाल शाईत पाण्यात एका पायावर उभा असलेला बगळा, खाली नंबर, गाणं आणि गाणाऱ्याचं नाव.

आणि याच बगळ्यापायी घरात सत्तर वर्षं एक वाद चालू होता.

मावशीची आत्या, म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, सांगायची की अठरा वर्षांची असताना तिनं बगळा कंपनीसाठी एक रेकॉर्ड गायली. घरच्यांना न सांगता. भावानं पाय मोडून हातात दिले असते म्हणून लेबलावर तिचं नाव घातलं नाही. 'एक हौशी गायिका' एवढंच घातलं.

"आणि छापलं कोणी? माझ्याच भावानं!" आत्या टाळी देत सांगायची. "मी त्याचा डबा घेऊन छापखान्यात गेले. लेबलं वाळत घातली होती. मला म्हणाला, बघ, हौशी म्हणे. तोंड दाखवायची लाज वाटते वाटतं बाईला. मी म्हटलं, असेल बाई. आणि डबा ठेवून पळाले."

गोष्ट मस्त होती. विश्वास कोणाचाच नव्हता. रेकॉर्ड कोणी पाहिली नव्हती. कंपनीच्या यादीत ती नव्हती. त्यात आत्या म्हणायची, लेबल हिरवं होतं.

"आत्या, बगळा कधीच हिरवा नसतो गं," मावशी तिला समजावायची. तिच्या डब्यात बगळ्याच्या छप्पन्न चकत्या होत्या. छप्पन्नच्या छप्पन्न तपकिरी-लाल.

"माझा होता," आत्या म्हणायची.

मावशीचा धाकटा भाऊ गॅरेज चालवायचा. त्यानं तर आत्याचं नावच 'हिरवा बगळा' ठेवलं होतं. घरात कोणी फुशारकी मारली की तो म्हणायचा, "उडाला बघा हिरवा बगळा." आत्या हसायची. पण हसताना तिची मान खाली जायची. ते मावशीनं कितीतरी वेळा पाहिलं होतं. ऐकू कमी येणाऱ्याला असलं फार दिसतं.

आत्या आता अठ्ठ्याऐंशीची होती.

*

गेल्या महिन्यात भंगारवाल्यानं मावशीसाठी रेकॉर्डींचं एक खोकं बाजूला काढून ठेवलं. "मावशी, यातल्या बऱ्याच फुटक्यात. तुमच्या कामाच्या." मावशी फुटपाथवर स्टुलावर बसून एकेक काढत होती. अकरावी रेकॉर्ड हातात आली आणि तिचा हात तसाच राहिला.

बगळा होता. हिरवा.

नंबर एक्केचाळीस. खाली अक्षरं: एक हौशी गायिका.

रेकॉर्ड अख्खी होती. काठापासून आत बोटभर एक तडा गेला होता, बाकी शाबूत. मावशीनं ती छातीशी धरली. भंगारवाला घाबरला. "काय झालं? बरं वाटत नाही का?"

"बरं वाटतंय," मावशी म्हणाली. "सत्तर वर्षांत पहिल्यांदा."

"तुम्ही सत्तरच्या कुठे? एकोणसत्तरच्या ना?"

"माझं नाही रे. दुसऱ्या एकीचं."

ती आधी आत्याच्या घरी जाऊन तिला दाखवणार होती. पण दारात पोचल्यावर थांबली. नुसती दाखवली तर भाऊ म्हणेल, कोणीतरी गंमत केली. आत्याची मान पुन्हा खाली जाईल. नाही. आधी पक्कं करायचं. सगळ्यांसमोर, छापून, शिक्का मारून.

आणि वेळही तशीच आली होती. गावात जुन्या ध्वनिमुद्रणांचं संग्रहालय होतं. तिथले मास्तर चौदा वर्षं बगळा कंपनीची संपूर्ण सूची तयार करत होते. मास्तर म्हणजे निवृत्त संगीतशिक्षक. माणूस सज्जन, कान तयार आणि मताला घट्ट. सूची शनिवारच्या बैठकीनंतर छापायला जाणार होती. त्या सूचीत आलं ते झालं. त्या सूचीत नाही ते कधी नव्हतंच.

मंगळवारी मावशी रेकॉर्ड घेऊन मास्तरांकडे गेली.

मास्तरांनी रेकॉर्ड उजेडात धरली. तिरकी केली. मग टेबलावर मऊ कापडावर ठेवली आणि चष्मा काढला. त्यांनी चष्मा काढला की वाईट बातमी असते, हे संग्रहालयात सगळ्यांना माहीत होतं.

"बाई, ही बनावट आहे."

मावशी त्यांच्या ओठांकडे बघत होती. तरी तिनं विचारलं, "काय?"

मास्तरांनी कागद ओढला आणि लिहून दिलं. एक, बगळा हिरव्यात कधी छापला गेलेला नाही. दोन, एक्केचाळीस नंबर कंपनीनं काढलाच नाही. चाळीसनंतर थेट बेचाळीस. बनावट करणारा असाच मोकळा नंबर शोधतो. तीन, नाव नाही. नाव नसलं की कोणी पडताळून बघू शकत नाही. त्याची सोय.

"वाजवून तरी बघा, सर."

"तडा बघितलात? एकदा सुई टेकली आणि तडा पुढे सरकला तर संपलं. संग्रहालयाचा नियम आहे, तडा गेलेली रेकॉर्ड खरी ठरल्याशिवाय सुई लावायची नाही. आणि वाजवून काय कळणार? कोणीतरी गातंय एवढंच."

मावशीनं कागदाची घडी घातली. "शनिवारी मला दहा मिनिटं द्याल?"

"दहा काय, पंधरा घ्या," मास्तर म्हणाले. मनानं चांगले होते. "पण बाई, तुम्हाला गाणं ऐकूच येत नाही. तुम्ही सांगणार काय?"

"गाण्याचं काहीच नाही," मावशी म्हणाली. "बगळ्याचं सांगीन."

*

बुधवारी सकाळी तिनं जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर पसरली. बगळ्याच्या छप्पन्न चकत्या नंबरानं ओळीत मांडल्या. छापखान्यातलं जुनं भिंग डोळ्याला लावलं. धाकटा भाऊ चहाचा कप ठेवायला जागा शोधत होता.

"ताई, एवढे बगळे तर तळ्यावरही नसतात."

"तोंडापेक्षा डोळे उघड. हा अडतीस नंबर बघ. पायाशेजारी काय आहे?"

भाऊ वाकला. बगळ्याच्या गुडघ्याशेजारी, पाण्याच्या रेघेवर, नखाच्या कोरीएवढी बारीक रेघ होती. "चंद्र आहे. कोवळा."

"एकोणचाळीस?"

"जरा जाड."

"चाळीस?"

"अर्धा झाला. अरे वा! चंद्र वाढतोय!" भाऊ आता खुर्ची ओढून बसला. "बेचाळीसवर नाही. गेला कुठे?"

या चंद्रावर मास्तरांनी सूचीत दोन पानं लिहिली होती. कंपनीच्या मालकाच्या मनातली आशा, भाग्याची चढती कळा, पाण्यातून उगवणारी कला, असं बरंच काही. मावशीनं ती पानं तीनदा वाचली होती. वाचताना तिला राहून राहून वाटायचं, काहीतरी ओळखीचं आहे. पण चंद्राकडे ती चंद्र म्हणूनच बघत होती. मास्तरांनी सांगितलं होतं ना, चंद्र म्हणून.

तिनं हिरवा बगळा ओळीत ठेवला. चाळीस आणि बेचाळीसच्या मध्ये. भिंग लावलं.

हिरव्यावर चंद्र पूर्ण होता. वाटोळा. आणि डाव्या बाजूला खाली कोणी दातानं तुकडा तोडावा तशी एक खाच होती.

मावशीनं भिंग खाली ठेवलं. मग ती हसायला लागली. इतकी हसली की भाऊ घाबरून पाणी आणायला उठला.

"अरे बस. चंद्र कसला! खिळा आहे तो."

"खिळा?"

"चित्राचा ठोकळा कसा असतो? खाली लाकूड, वर धातूचा पत्रा. पत्रा लाकडावर खिळ्यांनी ठोकलेला. छापून छापून लाकूड सुकतं, खिळा वर येतो. वर आला की त्यालाही शाई लागते. तिरका वर येतो, म्हणून आधी कडच उमटते. मग अर्धा. मग सगळा." तिनं हिरव्या चंद्रावर बोट ठेवलं. "बाबांचं सगळ्यात नावडतं काम होतं ते. शिव्या देत हातोडीनं खिळा खाली बसवायचे."

भाऊ बेचाळीसकडे बघत होता. हळूच म्हणाला, "ताई, इथे चंद्र नाही. पण पाय मोडलाय."

खरंच. बेचाळीसपासून पुढच्या प्रत्येक बगळ्याचा पाय गुडघ्यात तुटलेला होता. मास्तरांनी त्याला 'नवी शैली' म्हटलं होतं.

"हातोडी घसरली," मावशी म्हणाली. "बाबांची हातोडी घसरली. खिळा बसला आणि पाय गेला. एक्केचाळीसपर्यंत पाय शाबूत, चंद्र वाढत वाढत पूर्ण. मग हातोडी. मग लंगडा बगळा. हिरवा बगळा बरोबर मधल्या जागेत बसतो. दुसरीकडे बसूच शकत नाही."

भाऊ गॅरेजवाला माणूस होता. झिजलेल्या भागावरून गाडी किती पळली ते सांगणारा. त्याला हे सगळं पटकन पोचलं.

"मग हिरवा का?"

"रूळ धुवायचा कंटाळा." मावशीनं खांदे उडवले. "लेबलं थोडीच असतील. शे-दीडशे. कंपनीला खात्री नसेल. मशीनवर साबणाच्या वेष्टनाची हिरवी शाई लागलेली असेल. शे-दीडशेसाठी रूळ धुवून रंग बदलायचा म्हणजे अर्धा दिवस गेला. मी स्वतः असं शंभरदा केलंय. लग्नाच्या पत्रिका चॉकलेटी होत्या म्हणून एका डॉक्टरच्या चिठ्ठ्यांची पानं चॉकलेटी छापून दिली होती. बनावट करणारा माणूस नीट रंग जुळवून करेल रे. असला आळस खऱ्या छापखान्यातच होतो."

"मास्तर मानतील?"

मावशीचा चेहरा उतरला. "म्हणतील, बनावट करणारानं चंद्र जरा मोठा काढला. ती खाच खिळ्याचीच, हे दाखवायला खिळा पाहिजे. म्हणजे ठोकळा पाहिजे."

मग दोघांनी एकदमच खाली, टेबलाच्या पायाकडे पाहिलं.

छापखान्याच्या घरात कुठलंही सामान डुगडुगत नाही. ठोकळे सगळे एकाच उंचीचे, घट्ट लाकडाचे. काम संपलेला ठोकळा कोणी फेकत नसे, सामानाच्या पायाखाली सरकवत असे. टेबलाच्या पायाखाली टॉनिकची बाटली होती. कपाटाखाली काडेपेटीचा वाघ. शिवणयंत्राखाली एका दंतवैद्याची कवळी. लहानपणी दोघं जमिनीवर पालथी पडून ही चित्रं ओळखायची.

"बगळा कधी पाहिलेला आठवतोय?" मावशीनं विचारलं.

भाऊ डोळे मिटून आठवत होता. "या घरात नाही."

"मग कोणाच्या?"

दोघं चपला घालून निघाली.

*

आत्या दोन गल्ल्या पलीकडे राहायची. खिडकीशी बसून ती शेंगा सोलत होती. भाचरांना एकदम दारात बघून म्हणाली, "कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं," भाऊ म्हणाला. "आत्या, तुझ्या घरात बाबांचे ठोकळे कुठे कुठे आहेत?"

"पलंगाला दोन. कपाटाला एक. का रे? आज माझी आठवण आली ती पलंगासाठी?"

पलंगाखाली एक छत्री निघाली आणि एक किटली. राहिलं कपाट. लोखंडी, आरसा बसवलेलं, साड्यांनी गच्च भरलेलं. भाऊ गॅरेजमधून जॅक घेऊन आला. कपाटाखाली जॅक लावताना आत्या ओरडत होती, "अरे आरसा! आरसा फुटला तर तुझ्या बायकोला सांगेन!"

कपाट दोन बोटं वर उचललं गेलं. मावशीनं जमिनीवर पालथं पडून हात घातला. एकोणसत्तराव्या वर्षी, जशी नवव्या वर्षी पडायची तशीच. हाताला धूळ लागली, कोळ्याचं जाळं लागलं, मग लाकूड लागलं.

तिनं ठोकळा पदरानं पुसला. उलटा केला.

उलटा बगळा. गुडघ्यात मोडलेला. पायाशेजारी खोल ठोकलेला खिळा, आणि खिळ्याच्या डोक्याला एक खाच.

आत्या वाकून बघत होती. "हा माझ्या कपाटाखाली होता?"

"बाबांनी ठेवला असेल," भाऊ म्हणाला.

"त्यानंच ठेवला. या घरात आले तेव्हा कपाट हलत होतं." आत्या थोडा वेळ ठोकळ्याकडे बघत राहिली. "म्हणजे त्याला कळलं होतं की काय रे?"

मावशीला ते नीट ऐकू आलं नव्हतं. ती खिळ्यावरून बोट फिरवत होती.

भाऊ जॅक खाली करायला विसरला. मग आठवलं तेव्हा त्यानं ठोकळ्याच्या जागी आपल्या खिशातली जाड लाकडी पाचर सरकवली. आणि कपाटाकडे तोंड करून, आत्याकडे न बघता म्हणाला, "आत्या, तू शनिवारी घरीच थांब. फोनजवळ."

*

बैठकीला सोळा माणसं होती. सोळाही कानाची माणसं. लांब टेबलाच्या एका टोकाला ग्रामोफोन, शेजारी मास्तरांची सूची, जाडजूड, दोरीनं बांधलेली.

मावशी उभी राहिली. तिला स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नसे, म्हणून ती नेहमी मोठ्यानं बोलायची. शेवटच्या खुर्चीवरचा डुलका घेणारा वकील दचकून जागा झाला.

तिनं भाषण केलं नाही. काचेचा तुकडा ठेवला. त्यावर हिरवी शाई घेतली. हातरूळ फिरवला. ठोकळ्याला शाई लावली, वर कागद ठेवला आणि चमच्याच्या पाठीनं घासला. कागद उचलला.

हिरवा, लंगडा बगळा. चंद्र नाही.

"हा बेचाळीस," ती म्हणाली. "मास्तरांची नवी शैली."

कोणीतरी हसलं. मास्तर हसले नाहीत. ते खुर्चीतून पुढे सरकले होते.

मग मावशीनं भावाकडे हात केला. त्यानं बारीक पकड दिली. घरी दोघांनी रंगीत तालीम केली होती. ऑपरेशनमध्ये नर्स देते तशी पकड दिली त्यानं. मावशीनं खिळ्याचं डोकं धरलं आणि केसभर, तिरकं वर ओढलं. शाई. कागद. चमचा.

लंगडा बगळा. पायाशेजारी कोवळी कोर.

"अडतीस."

खोलीत खुर्च्या सरकल्या. माणसं उठून टेबलाभोवती आली. तिनं आणखी केसभर ओढलं. एकोणचाळीस. आणखी. चाळीस. चंद्र त्यांच्यासमोर वाढत होता.

शेवटी तिनं खिळा पूर्ण वर घेतला. हळूच शाई लावली. कागद ठेवला. चमचा फिरवला. आणि कागद स्वतः न उचलता मास्तरांपुढे सरकवला.

मास्तरांनी कागद उचलला. वाटोळा चंद्र. डावीकडे खाली खाच. त्यांनी तो कागद हिरव्या रेकॉर्डशेजारी धरला. भिंग घेतलं. एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. पुन्हा इकडे.

"बाकीच्या लेबलांवर खिळ्याची कड आणि अर्धा भागच दिसतो," मावशी म्हणाली. "खाच फक्त एक्केचाळीसवर दिसते. आणि हा ठोकळा इतकी वर्षं एका कपाटाखाली होता. बनावट करणाऱ्यानं ती खाच कुठून आणली, सर?"

मास्तरांनी चष्मा काढला. पण या वेळी त्यांनी डोळे पुसायला काढला होता.

"मी या खिळ्यावर दोन पानं लिहिलीत," ते म्हणाले.

"छान लिहिलीत," मावशी म्हणाली. "मी तीनदा वाचली."

मग मात्र सगळी खोली हसली. मास्तर सगळ्यात मोठ्यानं. त्यांनी सूचीची दोरी सोडली, ती दोन पानं उपसून काढली आणि मावशीच्या हातात दिली. "आठवण म्हणून ठेवा. खरी ठरली. सुई लावा."

संग्रहालयाच्या तंत्रज्ञानं ध्वनिमुद्रणाचं यंत्र चालू केलं. एकदाच वाजणार होती. त्यानं सुई ठेवली तेव्हा सोळा माणसं पुतळ्यासारखी उभी होती. मावशीनं टेबलाच्या कडेवर तळहात ठेवला. लाकडातून काहीतरी येत होतं. तडा प्रत्येक फेरीला एक टिचकी मारत होता, टक, टक, आणि त्या टिचक्यांच्या मधून एक लांब, न थरथरणारं काहीतरी. तिनं लोकांचे चेहरे पाहिले. डुलका घेणाऱ्या वकिलाचं तोंड उघडं होतं. मास्तरांनी डोळे मिटले होते आणि त्यांची बोटं टेबलावर ताल धरत होती.

तीन मिनिटं. मग गाणं संपलं, थाळी फिरतच राहिली, आणि एकदम सगळे दचकले. मग हसले. मग भाऊ रडायलाच लागला.

"काय? काय झालं?" मावशीनं त्याचा दंड धरला.

भावानं फिरत्या थाळीकडे बोट दाखवलं. जुन्या काळी रेकॉर्डी दूरच्या देशात तयार व्हायच्या. तिथल्या कामगारांना भाषा येत नसे. कोणत्या गाण्यावर कोणतं लेबल लावायचं ते कळावं म्हणून गाणारा शेवटी मोठ्यानं आपलं नाव सांगायचा. पुढे गरज संपली तरी सवय राहिली. आत्या नेहमी सांगायची, तिनंही शेवटी तोंड उघडलं होतं. समोरच्या कंपनीच्या माणसानं घाईघाईनं ओठांवर बोट ठेवलं. मग तिनं नावाऐवजी काय म्हटलं, तेही ती सांगायची. त्या वाक्याला घरात सगळ्यात जास्त हसायचे.

भावानं टेबलावरचा एक चंद्राचा कागद ओढला आणि त्यावर लिहिलं. अक्षर गिचमिड आलं. मावशीनं वाचलं.

'मी कोण, ते सांगायचं नाही असं ठरलंय.'

शब्दाला शब्द. आत्याचंच वाक्य.

*

फोन मास्तरांनीच लावला. संग्रहालयाच्या जुन्या फोनला स्पीकर होता. सोळा माणसं भोवती जमली. मावशी सगळ्यात जवळ, उजवा कान पुढे करून.

"बोला," पलीकडून आवाज आला.

मास्तरांनी घसा साफ केला. "नमस्कार. तुमची रेकॉर्ड आत्ता ऐकली. सगळ्यांनी. सूचीत एक्केचाळीस नंबरला घेतोय."

पलीकडून प्रश्न आला, "हिरवी आहे ना?"

"हिरवीच आहे."

"माझा तो गॅरेजवाला भाचा आहे का तिथे?"

भाऊ पुढे झाला. "आहे, आत्या."

"काय रे? उडाला का बगळा?"

"उडाला, आत्या," भाऊ नाक ओढत म्हणाला. "फार उंच उडाला. माझं चुकलं."

"चुकलंच. उद्या येऊन कपाट सरळ कर. हलतंय."

मास्तर हसू आवरत होते. त्यांनी पेन उघडलं, सूचीचं कोरं पान पुढे घेतलं. "एक विचारायचं होतं. लेबलावर 'एक हौशी गायिका' आहे. सूचीत तसंच ठेवू? की नाव घालू?"

फोनच्या तारेत नुसती खरखर. रेकॉर्ड संपल्यावर थाळी फिरते तशी.

मग आत्यानं आपलं नाव सांगितलं. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. गाणं संपल्यावर सांगायचं असतं तसं. मान ताठ करून, शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळावं अशा आवाजात. इतक्या मोठ्यानं, की फोनचा डबा थरथरला आणि वकिलानं कानावर हात ठेवला.

लेबलमावशीला प्रत्येक अक्षर ऐकू आलं.